कुत्रं ओढतंय म्हणून बांधलंय, का बांधलंय म्हणून ओढतंय?



आज ऊस, हळद, द्राक्ष जरा बाजूला ठेवू. विषय कुत्र्याचा आहे, पण तो शेतीतलाच आहे. वस्तीवर राहणाऱ्या माणसाच्या घरात जेवढी गाय-म्हैस असते तेवढंच कुत्रंबी असतं. फरक एवढाच की म्हशीच्या दुधावर, पेंडीवर, गाभण राहण्यावर आपण तासन् तास बोलतो आणि कुत्र्यावर कधीच बोलत नाही.

सातारा-सांगलीतल्या कुठल्याही मळ्यात जा. गोठ्याच्या कोपऱ्याला, नायतर ट्रॅक्टरच्या शेडला साखळीला एक कुत्रं बांधलेलं असतंय. मालकाला विचारा, "दादा, ह्याला फिरवत न्हाय का?" उत्तर ठरलेलं. "आवो, लई ओढतंय. हात खांद्यातनं निखळायची पाळी येतीय." बरं मग, सोडता का? "सोडलं तर आवरत न्हाय. मेंढरात घुसतंय, मोटरसायकलीमागं लागतंय."

म्हणजे बघा, ओढतं म्हणून फिरवायचं नाही आणि आवरत नाही म्हणून सोडायचं नाही. राहिलं काय? सहा-सात फुटांची साखळी आणि दहा-बारा वर्षांचं आयुष्य. त्यातनं जेव्हा कधी साखळी सुटते तेव्हा ते कुत्रं सुसाट पळतं. मालक म्हणतो, "बघा, म्हणूनच बांधून ठेवतो."

माझं मत सरळ आहे. दोरी ताणून चालणारं कुत्रं हट्टी नसतं, त्याला कुणी चालायला शिकवलेलं नसतं. आणि ज्या मुलखात खिल्लार खोंड हातावर चालवणारी माणसं आहेत, त्या मुलखात वीस-पंचवीस किलोचं कुत्रं आवरत नाही, हे मला पटत नाही.

खोंडाला जमतं, कुत्र्याला का नाही?

पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत, खरसुंडीच्या बाजारात खिल्लार जनावर बघा. चारशे-पाचशे किलोचा बैल, डोळ्यात आग, आणि कासरा धरणारा कधी कधी पंधरा-सोळा वर्षांचं पोरगं. ताकदीनं तो बैल आवरलाय का? अजिबात नाही. ताकदीचाच हिशोब केला तर चार गडीबी कमी पडतील.

खोंडाला औत शिकवताना पहिल्याच दिवशी कुणी नांगराला जुंपत नाही. आधी म्होरकी घालायची, दाव्यानं चालवायचं. मग जाणत्या बैलाच्या जोडीला रिकामं जू मानेवर द्यायचं. मग मागं हलका ओंडका बांधायचा. मग कुळव. आणि जुनी माणसं एक गोष्ट कायम सांगायची, कासरा सैल पाहिजे. इशाऱ्यापुरता ताण द्यायचा आणि जनावरानं ऐकलं की लगेच ढिला सोडायचा. ज्याच्या हातात कासरा कायम ताणलेला, तो कच्चा गडी. त्याचा बैल थोड्या दिवसांत तोंडाचा कठीण होतो आणि मग कितीबी ओढा, काही फरक पडत नाही.

हेच सगळं कुत्र्याला लागू आहे. शब्दसुद्धा बदलायची गरज नाही. कासऱ्याच्या जागी दोरी म्हणा.

कुत्रं ओढतं का?

पहिलं कारण साधं आहे. चार पायांच्या जनावराची नेहमीची चाल आपल्यापेक्षा जोरात असते. आपल्या चालीनं चालणं त्याला शिकावं लागतं.

दुसरं कारण, मान मागं खेचली की जनावर पुढं जोर लावतं. दावं ओढलं की कालवड पाय रोवून उलटी ओढते ना, तसंच. आपण जेवढं खेचू तेवढं ते पुढं रेटतं. दोघं मिळून दोरी ताणतात आणि नाव मात्र कुत्र्याचं होतं.

तिसरं कारण सगळ्यात मोठं. ओढलं की त्याला पाहिजे ते मिळतं. लिंबाच्या झाडाचा वास घ्यायचा होता, ओढलं, आपण चार पावलं मागं गेलो, वास मिळाला. धडा पक्का झाला. आता इथं लोक म्हणतात, "मी तर बऱ्याचदा थांबवतो, तरीबी ओढतंय." बऱ्याचदा थांबवणं हेच तर दुखणं आहे. स्किनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं उंदीर आणि कबुतरांवर प्रयोग करून दाखवलं होतं की कधी मिळणार, कधी नाही असं बक्षीस असेल तर ती सवय सगळ्यात चिवट बनते. मटक्याचं व्यसन सुटत नाही ते याचमुळं. दहातनं दोनदा जरी ओढून काम झालं, तरी कुत्रं अकराव्यांदा ओढणारच.

चौथं कारण साखळी. दिवसभर बांधलेलं कुत्रं दिवसातनं एकदा सुटलं तर त्या दहा मिनिटांत त्याला सगळा दिवस जगायचा असतो. त्याच्याकडनं शांत चालण्याची अपेक्षा करायची म्हणजे आठ दिवस बांधलेल्या खोंडाला वरातीत न्यायचं.

आपल्याकडचा कारवान

जत, आटपाडी, माण, खटाव या बाजूला कारवान पाळायची हौस मोठी. यालाच कर्नाटकात मुधोळ म्हणतात. मुधोळ बागलकोट जिल्ह्यात, आपल्या सांगलीच्या शेजारचाच मुलूख. तिथले संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी ही जात सांभाळली, वाढवली आणि ब्रिटनचा राजा पाचवा जॉर्ज याला या कुत्र्यांची जोडी भेट दिली. २००५ साली भारतीय टपाल खात्यानं देशी कुत्र्यांवर चार तिकिटं काढली, त्यात मुधोळ आहे. लष्करानंसुद्धा ही जात प्रशिक्षणासाठी घेतली. म्हणजे हे कुत्रं शिकत नाही असं म्हणायला जागा नाही.

पण त्याचा स्वभाव समजून घ्यायला पाहिजे. लॅब्रेडॉर किंवा आपलं गावठी कुत्रं आधी नाकानं जग बघतं. कारवान डोळ्यानं बघतो. लांब माळावर काही हललं की तो क्षणात ताणला जातो, आणि त्या वेळी तुमची हाक त्याच्या कानात शिरत नाही. त्यामुळं कारवानला शिकवायचं ते काहीच हलत नसताना, पहाटे, आवारात. ससा उठल्यावर शिकवणी सुरू करून उपयोग नाही. आणि जाता जाता सांगतो, सशामागं कुत्रं सोडणं ही मर्दुमकी नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ती शिकार आहे आणि गुन्हा आहे.

कारवानची अजून एक गंमत. त्याचं डोकं निमुळतं आणि मान जाड. साधा पट्टा घातला तर मागं सरकून डोक्यावरनं सहज निघतो. "पट्ट्यातनं निसटलं" अशी तक्रार करणाऱ्यांनी पट्टा आवळू नये, रुंद पट्टा घ्यावा. दीड-दोन इंच रुंद, कानाच्या खाली मानेवर नीट बसणारा, आत दोन बोटं जातील एवढा. ओढल्यावर थोडा आवळून परत सैल होणारे पट्टेही मिळतात, ते या जातीला चांगले.

पट्टा, साखळी, छातीपट्टा

फिरवायला साखळी नको. वजनदार असते, हाताला काचते आणि सैल आहे का ताठ हे कळत नाही. पाच-सहा फुटांची सुती नायतर नायलॉनची दोरी बास. जुना कासरा कापून केली तरी चालते.

हल्ली तालुक्याच्या दुकानात छातीला बांधायचे पट्टे मिळतात. त्यातला पाठीवर कडी असलेला पट्टा घेतला आणि कुत्रं जास्तच ओढायला लागलं, अशी तक्रार लई ठिकाणी ऐकली. साहजिक आहे. बैलाला जू का देतो आपण? ओढ अंगावर पसरावी, ओढायला सोपं जावं म्हणून. पाठीवरच्या कडीचा पट्टा म्हणजे कुत्र्याचं जू झालं. ओढू नये असं वाटत असेल तर कडी पुढं, छातीवर असलेला पट्टा घ्या. कुत्र्यानं जोर लावला की त्याचं अंग आपोआप आपल्याकडं वळतं, जोर वाया जातो.

आत टोकं असलेला काटेरी पट्टा आणि शॉकचा पट्टा, दोन्ही माझ्या मते वस्तीवर येऊ नयेत. हिमालयातले मेंढपाळ आपल्या कुत्र्यांना लोखंडी काट्याचा पट्टा घालतात, पण त्याचे काटे बाहेर असतात, बिबट्यानं मान धरू नये म्हणून. आपण काटे आत करायचे म्हणजे बिबट्याचं काम आपणच करायचं. शिवाय कुत्र्याला वेदना आणि समोरून येणारा माणूस यांची सांगड बसली, तर ते माणसावरच जास्त चवताळतं.

शिकवायचं कसं?

१. सुरुवात आवारात. पहाटे, उपाशीपोटी. खिशात भाकरीचे तुकडे, उकडलेलं अंडं बारीक करून, नायतर सुका बोंबील. बोंबलाला नाही म्हणणारं कुत्रं मी बघितलेलं नाही.

२. आधी पाच-दहा मिनिटं खेळवून घ्या, लांब दोरीवर पळू द्या. उधाण उतरू दे.

३. दोरी बांधून उभं राहा. कुत्रं तुमच्याकडं बघेल, दोरी सैल होईल, त्याच क्षणी "शाबास" म्हणून तुकडा द्या. तुकडा तुमच्या पायाशेजारी, मांडीच्या उंचीवर द्या. जिथं तुकडा मिळतो तिथंच कुत्रं राहायला बघतं.

४. मग एक पाऊल. दोरी सैल, तुकडा. दोन पावलं, तुकडा. पहिल्या दिवशी दहा पावलं झाली तरी लई झाली.

५. दोरी ताणली की थांबा. हिसका नाही, ओरडणं नाही, शिवी नाही. बांधाचा दगड व्हा. ते वळून बघेल, एक पाऊल मागं येईल, दोरी सैल पडेल. मग लगेच चला. पुढं चालायला मिळणं हेच त्याचं बक्षीस.

६. थांबूनसुद्धा ताणतच राहिलं तर गोड आवाजात हाक मारून उलट्या दिशेला वळा. तुमच्यामागं आलं की तुकडा. चार-पाच वेळा असं झालं की कुत्रं तुमच्या पायाकडं लक्ष ठेवायला लागतं.

७. वासाला बंदी करू नका. वीस-तीस पावलं नीट चाललं की "जा" म्हणा आणि झुडपाचा वास घेऊ द्या. कुत्र्याला वास म्हणजे आपल्याला पारावरचा पेपर.

८. पाच ते दहा मिनिटं, दिवसातनं दोनदा. कंटाळा यायच्या आधी थांबा.

९. घरातल्या सगळ्यांचा नियम एक पाहिजे. तुम्ही थांबवणार आणि पोरगं ओढत पळत जाणार, असं झालं की वर सांगितलेला मटका सुरू.

आवारात जमलं की गाडीवाट, मग डांबरी रस्त्याची कड, आणि शेवटी एसटी स्टँड. एकदम बाजारात नेऊ नका. लहान पिल्लू काही आठवड्यांत तयार होतं. तीन-चार वर्षं साखळीवर काढलेल्या कुत्र्याला महिने लागतील. उन्हाळ्यात तळहाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद ठेवून बघा. तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या पंजालाही सोसत नाही.

रानात याचा उपयोग काय?

कुणी म्हणेल, हे शहरातलं फॅड आहे. मग रानातला हिशोब मांडू.

उंदरासाठी झिंक फॉस्फाइडचं आमिष आपण बांधावर ठेवतो. गोगलगायीसाठी मेटाल्डिहाइडच्या गोळ्या टाकतो, कुणी गुळात विष कालवून ठेवतो. आल्याला, हळदीला एरंडीची पेंड देतो. या चारही गोष्टी कुत्र्याच्या जिवावर उठणाऱ्या आहेत, आणि गूळ, पेंड तर त्याला खायला आवडते. मोकळ्या कुत्र्यानं कुठं तोंड घातलं हे तासाभरानं कळतं, तवर वेळ गेलेली असते. दोरीवर शेजारी चालणारं कुत्रं तिथल्या तिथं मागं घेता येतं.

मल्चिंग पेपरवर सुटलेलं कुत्रं किती भोकं पाडतं हे टोमॅटोवाल्यांना विचारा. कंटाळलेलं कुत्रं ठिबकच्या नळ्या चावतं हेही सगळ्यांना माहीत आहे.

दिवाळीनंतर मेंढरं खाली बागायतीत उतरतात. आपणच धनगरांना बोलावून रानात मेंढरं बसवतो, लेंडीखतासाठी. त्याच वेळी आपलं कुत्रं सुटून कळपात घुसतं. माडग्याळी मेंढीची किंमत जत बाजूच्या माणसाला वेगळी सांगायला नको. एका मेंढीवरनं झालेली भांडणं वर्षानुवर्षं चालतात. ऊसतोडीच्या हंगामात टोळ्यांची लहान पोरं फडाच्या कडेला खेळत असतात, तिथंही कुत्रं हातात असणं ही आपली जबाबदारी आहे.

आणि बिबट्या. कराड, पाटण, शिराळा भागात आता ही बातमी राहिलेली नाही, रोजचं झालंय. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला. उसाच्याच मुलखात. बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या हिशोबानं ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. शेळ्या कुत्र्यांपेक्षा सात पट जास्त असूनही त्यांचा वाटा ११ टक्के होता. शेळी रात्री कोंडलेली असते, कुत्रं बाहेर असतं. रात्री साखळीला बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्यासाठी वाढलेलं ताट, त्याला पळताही येत नाही. म्हणून रात्री कुत्रं आत, नायतर वरनं जाळी असलेल्या खुराड्यात. आणि पहाटे मोटर चालू करायला उसाच्या कडेनं जाताना कुत्रं पुढं पन्नास फुटांवर नको, पायाशेजारी पाहिजे. पुढं गेलेलं कुत्रं बिबट्या बघून घाबरलं तर पळत कुणाकडं येणार? तुमच्याकडंच, आणि मागं काय येईल सांगता येत नाही.

"पण दादा..."

"शिकवलेलं कुत्रं राखण करत नाही." असं कुठं दिसलं? औत शिकलेला खिल्लार थंड पडतो का? भुंकणं, परक्याला अडवणं हे कुत्र्याच्या रक्तात आहे. दोरीवर सरळ चालल्यानं ते जात नाही.

"वेळ कुठाय?" मोटर चालू करायला जाता ना? धारा काढायच्या आधी दहा मिनिटं चहाची वाट बघता ना? तीच दहा मिनिटं.

"गावठी कुत्र्याला कशाला एवढं?" धनगराच्या वाड्यावरचं कुत्रं बघा. शेकडो मेंढरांत राहतं, मालकाच्या एका शिट्टीवर वळतं. ते काय परदेशातनं आणलंय?

"मारल्याशिवाय जनावर ऐकत नाही." मारानं जनावर मार देणाऱ्यापुरतं ऐकतं. तुम्ही गावाला गेला की घरातल्या बाईला तेच कुत्रं बांधावरनं खाली पाडतं. कुत्रं फिरवणं हे फक्त दांडग्या गड्याचं काम राहिलं, तर आठवड्यातनं पाच दिवस ते फिरतच नाही. आजी-आजोबांच्या हातातसुद्धा सैल दोरीवर चालेल, तेव्हा शिकलं म्हणायचं.

आणि कायदाही ऐकून ठेवा. १९६० चा प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा, कलम ११. जनावराला फार आखूड किंवा फार जड साखळीनं अवाजवी वेळ बांधून ठेवणं ही क्रूरता आहे, असं त्यात आहे. एवढंच नाही, कायम बांधलेल्या कुत्र्याला मालकानं पुरेसं फिरवलं नाही तर तोही गुन्हाच, हे वेगळं लिहिलेलं आहे. कायदा साठ वर्षांहून जुना आहे. आपल्या वस्तीवर अजून पोचलेला नाही.

शेवटचं आणि महत्त्वाचं

ही सगळी खटपट कशासाठी, याचं माझ्याकडं एक मोठं उत्तर आहे. रेबीज.

कुत्र्याला तीन महिन्यांचं झाल्यावर आणि पुढं दरवर्षी रेबीजची लस लागते. मळ्यातल्या कित्येक कुत्र्यांची लस चुकते ती पैशामुळं नाही. दवाखान्यापर्यंत न्यायचं कसं, हा प्रश्न असतो. ओढतंय, गाडीवर बसत नाही, दवाखान्यात दुसऱ्या जनावराच्या अंगावर जातंय, डॉक्टरला हात लावू देत नाही. मग "पुढच्या वर्षी बघू." ती पुढची वर्षं तशीच जातात. आणि रेबीजची लक्षणं दिसल्यावर माणूस असो वा जनावर, वाचणं जवळजवळ अशक्य. कुत्रं चावलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्यायची. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही.

दोरीवर नीट चालणारं कुत्रं तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊ शकतं. मोठं दुखणं असेल तर शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयापर्यंत नेता येतं. लस टोचून अर्ध्या तासात घरी. ओढणारं कुत्रं साखळीलाच राहतं, आणि त्याच अंगणात आपली पोरं खेळतात.

म्हणून एक करा. घरातल्या कॅलेंडरवर कुत्र्याच्या लसीची तारीख लिहा, जशी म्हशीच्या लाळ्या-खुरकूताची लिहिता. त्याच्या दोन महिने आधी दोरी आणि भाकरीचे तुकडे घेऊन आवारात उभं राहा. पहिल्या दिवशी दहा पावलं. दोरी ताणली की थांबा, सैल झाली की चला.